फलकावरचे दुसरे नाव

सिस्टर गेल्या त्याला आता चार महिने होतील. मुली अजून येतात. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास खालची घंटा वाजते. मी जिना उतरून दार उघडते, तर एक आई आणि एक मुलगी उभ्या असतात. मुलीच्या हातात प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये बारावीची गुणपत्रिका, आधार कार्ड आणि कुठल्या तरी नर्सिंग कॉलेजचे चकचकीत माहितीपत्रक.

"सिस्टरजी हैं?"

मी सांगते. आई "अरे राम" म्हणते, पदर डोक्यावर ओढते आणि तशीच उभी राहते. मग विचारते, "तो अब नर्सिंग का किससे पूछें?"

मी त्यांना पाणी देते. त्या पाणी पितात आणि जातात. मी वर येऊन राहिलेले काम करते. माझी सगळी कामे व्यवस्थित चालू आहेत. कोणी विचारले तर मी तसेच सांगते.

सिस्टर म्हणजे विमल दिघे. अन्नपूर्णेच्या देवळापासून दोन गल्ल्या आत त्यांचे घर आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर मी अकरा वर्षे भाड्याने राहते. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. साताऱ्याहून नोकरीसाठी इंदूरला आले ती इथेच राहिले. सिस्टर महूच्या एका रुग्णालयातून निवृत्त झाल्या होत्या. नोकरीची सगळी वर्षे त्या रोज बसने महूला गेल्या आणि बसने परत आल्या. लग्न केले नव्हते. का, ते मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. त्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत होते. दिघ्यांची मुलगी परक्या लोकांची शौचाची भांडी उचलणार, यावरून त्यांच्या वडिलांनी दोन वर्षे त्यांच्याशी बोलणे टाकले होते. हे त्या हसत सांगत. "दोन वर्षं शांतता होती गं घरात. अभ्यास फार छान झाला."

सुरुवातीला मी त्यांना ताई म्हणून पाहिले. म्हणाल्या, "ताई मला कोणी म्हणत नाही. तू हाक मारशील आणि मी मागे वळूनही नाही बघणार." मग मीही सिस्टर म्हणू लागले. त्या मला ग्रंथपाल म्हणत. जिन्याखालून आवाज येई, "ग्रंथपाल, काय वाचून राहिली? पोहे झालेत, या खाली."

पोहे त्या उभ्यानेच खात, ओट्याला टेकून, वर शेव आणि जिरावन मसाला घालून. बसून खायची सवय वॉर्डात मोडली ती मोडलीच. खुर्चीवर बसल्या तरी अर्ध्या खुर्चीवर, कोणत्याही क्षणी कोणी बोलावेल अशा. कोणाच्याही घरी गेल्या की आधी कोपरापर्यंत हात धूत. माझ्या खोलीत पहिल्यांदा आल्या तेव्हा पलंगावरची चादर ओढून काढली आणि चारही कोपरे घडी घालून गादीखाली असे खोचले की त्या रात्री मला पाय पसरायला जागा राहिली नाही.

आणि त्या प्रत्येक गोष्टीची वेळ विचारत. पोट दुखते म्हटले, "किती वाजल्यापासून?" शेजारच्या घरात भांडण झाले, "किती वाजता?" एकदा मी त्यांना सांगितले की माझी आई गेली. फोन आताच आला होता. त्यांनी माझा हात धरला आणि विचारले, "किती वाजता गेल्या?" तेव्हा मला राग आला होता. नंतर कळले की त्या प्रश्नामुळे मी घड्याळाकडे पाहिले, आणि घड्याळाकडे पाहिल्यामुळे गाडी किती वाजता आहे हे मला सुचले. त्या गेल्या तेव्हा सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे झाली होती. मी पाहून ठेवले आहे.

मुली कधीपासून येऊ लागल्या ते आठवत नाही. बहुधा एखाद्या स्वयंपाकाच्या बाईने आपली मुलगी आणली असेल आणि मग स्वयंपाकघरांतून बातमी पसरली असेल. येणाऱ्यांचा प्रश्न एकच असे. मुलगी बारावी झाली आहे, नर्स व्हायचे आहे, आपल्याला परवडेल असे कॉलेज सांगा. सिस्टर आधी समजावून देत. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे, बी.एस्सी. चार वर्षांचे आणि त्याला विज्ञान लागते. त्याखेरीज सहा महिन्यांत नर्स करून देतो म्हणणारा जो कोणी असेल, त्याच्या दारातून परत फिरायचे. मग त्या विचारत, "कॉलेज करून नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव चढेल का? ते नाही चढलं तर तू नर्स नाहीस, फक्त पांढऱ्या कपड्यांतली बाई आहेस."

आई मध्येच फीचे विचारी. सिस्टर हात वर करत. "फीस आख़िर में पूछना, बेन. पहले पूछ ली तो फिर और कुछ दिखता ही नहीं."

आमच्यात कामाची वाटणी होती. माहितीपत्रके मी वाचायची आणि कॉलेज त्यांनी बघायचे. रविवारी दुपारी न कळवता आम्ही रिक्षा करून जात असू. त्या इमारत बघत नसत. कॉलेजला जोडलेले म्हणून जे रुग्णालय दाखवतात तिथे जाऊन पलंगांवर हात फिरवत. एका ठिकाणी गादीवरचे प्लास्टिकही काढलेले नव्हते. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "गाद्या मात्र निरोगी आहेत."

त्यांचा खरा भरवसा बुटांवर होता. नर्सिंगच्या मुलींचे पांढरे बूट. सहा-सहा तास वॉर्डात उभे राहणाऱ्या मुलीच्या बुटाची टाच बाहेरच्या कडेने झिजते, वर्षभरात दिसण्याइतकी झिजते. सिस्टर फाटकाजवळ उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींच्या पायांकडे बघत. मला त्याची लाज वाटे. रिक्षावाल्यालाही वाटत असावी. एकदा तो म्हणाला, "माताजी, कुछ गिर गया क्या?" त्या म्हणाल्या, "हओ भिया. तीन साल गिर गए किसी के."

एकदा मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक नर्सिंग संस्था निघाली. सहा महिन्यांचा कोर्स, नोकरीची हमी. कोट घातलेले एक सर होते. सिस्टरने विचारले, "इंजेक्शन किस पर सिखाते हैं?"

"संतरे पर, मैडम."

"और उसके बाद?"

सर गोंधळले. "उसके बाद सर्टिफिकेट."

"म्हणजे फक्त संत्र्यांना बरं वाटणार," सिस्टर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या. खाली मिठाईच्या दुकानात उभ्या उभ्या जिलबी खाल्ली. मलाही खायला लावली.

हे सगळे मी लिहिते आहे, पण मला सांगायचे आहे ते पूजाचे.

पूजाची आई सुनीताबाई आमच्याकडे पोळ्या करायला येत असे. घर परदेशीपुऱ्यात. वडील दयाराम तिथल्याच एका छोट्या कारखान्यात चपलांचे तळवे कापायचे आणि चिकटवायचे. पूजा बारावी आर्ट्स झाली होती. मुलगी बोलायला कमी, पण सिस्टरने एकदा तिला स्वतःचा रक्तदाब मोजायला शिकवला तर दुसऱ्या दिवशी ती वहीत चार माणसांचे आकडे लिहून घेऊन आली, वेळेसकट. सिस्टर खूश झाल्या. "वेळ लिहिली. हिला सांगावं नाही लागलं." सरकारी एएनएमच्या परीक्षेला त्यांनीच तिला बसवले. निकाल लागायचा होता.

त्याच सुमारास दयाराम पहिल्यांदाच आमच्या घरी आला. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. हातात मिठाईचा डबा. घराजवळच्या एका कॉलेजात पूजाचे जीएनएमचे पक्के झाले होते. फी हप्त्याने घेणार होते. पहिला हप्ता सोमवारी भरायचा होता. मुलगी घरून जाणार, घरी येणार.

सिस्टरने कॉलेजचे नाव विचारले. त्याने सांगितले.

"हमने तो आँख बंद करके हाँ कर दी," दयाराम म्हणाला. "अंदर जाते ही बोर्ड लगा है, पढ़ाने वालों के नाम का. उसमें दूसरा नाम आपका है, सिस्टरजी. श्रीमती विमल दिघे. मैंने इसकी मम्मी से कहा, अब क्या पूछना."

सुनीताबाई हसत होती. पूजाही. मी सिस्टरकडे पाहिले. त्यांच्या हातात मिठाईचा डबा होता आणि तो त्यांनी उघडला नव्हता.

मला तोवर काही माहीत नव्हते. त्या कधी कुठे शिकवायला गेल्याचे मी पाहिले नव्हते.

"दयारामजी, बैठो," त्या म्हणाल्या आणि स्वतः उभ्या राहिल्या. "मैंने वहाँ कभी पढ़ाया नहीं."

मग त्यांनी सांगितले. सगळे हिंदीत सांगितले, दयारामला कळावे म्हणून, एखाद्या पेशंटच्या घरच्यांना सांगावे तसे. चार वर्षांपूर्वी महूची एक जुनी सहकारी आली होती. तिने त्या कॉलेजात नोकरी धरली होती. तपासणीला माणसे यायची होती आणि शिकवणाऱ्या नर्सेस कागदावर पुरेशा दिसत नव्हत्या. तुझ्या नोंदणीच्या दाखल्याची प्रत दे आणि एक दिवस येऊन बस, एवढेच तिने मागितले होते. या सहकारिणीने सिस्टरच्या वडिलांच्या शेवटच्या आजारात सुट्ट्या घेऊन त्यांची सेवा केली होती. नाही म्हणायची भीड पडली. सिस्टर गेल्या, पंख्याखाली बसल्या, चहा प्यायल्या, सही केली आणि परत आल्या. नाव फाइलीत राहील असे त्यांना वाटले. भिंतीवर लागेल असे वाटले नाही.

"वहाँ का अस्पताल देखा है मैंने उस दिन," त्या म्हणाल्या. "मरीज़ नहीं हैं. बच्ची को वहाँ मत डालो. सरकारी लिस्ट आने दो."

दयाराम म्हणाला, "सरकारी वाला तो छोटा कोर्स है. और बाहर भेजना पड़ेगा, होस्टल में."

"छोटा है. झूठा नहीं है."

"झूठा तो ये भी नहीं लग रहा था, सिस्टरजी. आपका नाम देखकर." तो उठला. आवाज चढवला नाही. "अब आपकी कौन सी बात मानूँ? बोर्ड वाली, कि ये वाली?"

ते गेल्यावर सिस्टरने हात धुतले. पुष्कळ वेळ नळ चालू होता. मी चहा केला. चहा घेताना त्या म्हणाल्या, "तो बरोबर बोलून राहिला. मीसुद्धा नसतं मानलं." आणि थोड्या वेळाने, "बाकीच्यांनी पण वाचलं असेल गं ते नाव. ज्या आत आहेत त्यांनी."

सोमवारला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर एकट्या परदेशीपुऱ्याला गेल्या, दयारामच्या कारखान्यात. पुढचे मला सुनीताबाईकडून कळले. सिस्टर तिथे चपलांच्या ढिगाऱ्याजवळ उभ्या राहून त्याला म्हणाल्या की माझी कुठलीच गोष्ट मानू नकोस. शनिवारी कॉलेज सुटायच्या वेळेला फाटकाजवळ उभा राहा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुली कुठल्या ते विचारून घे आणि त्यांच्या बुटांचे तळ बघ. तू माझ्याहून जास्त जाणतोस.

तो गेला. सुनीताबाईलाही बरोबर घेऊन गेला, मुलींच्या पायांकडे बघताना बाईमाणूस बरोबर असावे म्हणून. संध्याकाळी तो आमच्या दाराशी आला, आत आला नाही. अंगावर कामाचाच शर्ट होता, हातांना चिकटवायच्या सोल्यूशनचा वास.

"तीसरे साल की लड़कियाँ थीं," तो म्हणाला. "सोल वैसा का वैसा. एड़ी पर साँचे का निशान तक नहीं गया. इतना तो घर में पहनने से चला जाता है." मग जरा थांबून, "ये चली ही नहीं हैं, सिस्टरजी."

सोमवारी त्याने हप्ता भरला नाही. सरकारी यादी लागायला आणखी बरेच दिवस गेले आणि त्या दिवसांत तो आमच्याशी धड बोलत नव्हता, कारण हातातले सोडून बसला होता आणि यादीत नाव नसते तर पूजाचे वर्ष गेले असते. सिस्टर रोज सकाळी मला फोनवर यादी बघायला लावत. मी बघत असे. पहिल्या यादीत पूजा नव्हती. दुसरीत होती, खालून तिसरी. गाव बसने चार तासांवर. पूजा पेटी घेऊन निघाली त्या दिवशी सिस्टरने तिला पांढरे बूट दिले नाहीत, ते दयारामने दिले. सिस्टरने तिला सेकंदकाट्याचे घड्याळ दिले आणि म्हणाल्या, "फोन मत करना मुझे. वॉर्ड में फोन लिए घूमी तो वहीं आकर मारूँगी."

मला वाटले, झाले. मी तसे म्हणालेही, की चला, सुटले एकदाचे.

"कोण सुटलं?" सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी मला कौन्सिलला पाठवायचे पत्र लिहायला बसवले होते, माझे नाव काढून टाका म्हणून. मी लिहिले. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिले, चांगले लिहिले. त्यांनी वाचले आणि बाजूला ठेवले. नाव काढले तर शिकवणाऱ्यांची संख्या कमी पडेल, कॉलेजची मान्यता अडकेल आणि आत असलेल्या मुलींच्या परीक्षा थांबतील. मुलींचा तर काही दोष नव्हता. नाव ठेवले तर पुढच्या वर्षी आणखी एखादा बाप ते वाचेल. दोन दिवस त्या पत्र उलटसुलट करत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्यांनी कपाटातून पांढरी साडी काढून इस्त्री केली होती.

"कुठे?"

"कामावर. बोर्डावर नाव आहे ना माझं?"

मी बरोबर गेले. मला रजा टाकावी लागली. प्राचार्यांच्या खोलीत एक तरुण गृहस्थ होते, ते आम्हाला आधी ओळखेनात. सिस्टर म्हणाल्या, "मी विमल दिघे. तुमच्याकडे चार वर्षांपासून शिकवते. आज जरा उशीर झाला." ते गृहस्थ मराठी होते, नुकतेच पुण्याहून आलेले. त्यांनी बोर्डाची आठवण करून पाहिली असावी. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही, पण वर्णनही करू शकत नाही. ते म्हणाले, "मॅडम, पण पगाराचं..." सिस्टर म्हणाल्या, "ते राहू दे. वर्ग कुठे आहे?" नाही म्हणायला त्यांच्याकडे काही कारण नव्हते. कागद सिस्टरच्या बाजूने होते.

त्यानंतर त्या रोज जाऊ लागल्या. एकाहत्तर वर्षांच्या होत्या. सकाळी सिटी बस, दुपारी सिटी बस. महूच्या जुन्या ओळखीतून त्यांनी दोन ठिकाणी मुलींच्या वॉर्डातल्या ड्यूट्यांसाठी परवानगी मागितली, एका ठिकाणी मिळाली, आठवड्यातून दोन दिवस. त्या दिवशी पंधरा-वीस मुलींना घेऊन त्या स्वतः महूला जात. दम लागू लागला होता. मी म्हटले, कधीपासून? तर माझ्याकडे बघून हसल्या. "आता तू विचारायला लागली." वेळ मात्र सांगितली नाही. मुलींच्या परीक्षेनंतर त्या डॉक्टरांकडे जाणार होत्या.

जुन्या सहकारिणीबद्दल मी एकदाच बोलले, जरा कडवटपणे. त्या म्हणाल्या, "तिनं मागितलं, ते तिचं. दिलं मी." पुन्हा तो विषय निघाला नाही.

शेवटचे मी त्यांना चालते-बोलते पाहिले ते त्या कॉलेजातच. दुपारी मला फोन आला की सिस्टरना बरे वाटत नाही, घ्यायला या. मी रिक्षाने गेले. फाटकातून आत गेल्यावर समोरच तो फलक होता, मी थांबून वाचला नाही. शिपाई म्हणाला, ऊपर हैं, प्रैक्टिकल रूम में. वर गेले. दार अर्धे उघडे होते.

खोलीत एकच पलंग होता आणि त्यावर सिस्टर झोपल्या होत्या. मला वाटले, घेरी आली असावी. पलंगाभोवती आठ-दहा मुली उभ्या होत्या. मी आत शिरणार तोच सिस्टरचा आवाज आला, बारीक, पण वॉर्डातला.

"गूँगी हो क्या सब? सीधे हाथ लगा दिया. मैं बोरी हूँ? हात लावण्याआधी सांगायचं. मरीज़ बेहोश हो तब भी बताना है. फिर से."

शिकवायला त्यांना धड पुतळाच मिळाला नव्हता. जो होता त्याचा एक हात निखळलेला होता. बरे वाटत नव्हते म्हणून त्या आडव्या झाल्या होत्या आणि आडव्या झाल्याच आहेत तर मग, असे त्यांना वाटले असणार.

एक उंचशी मुलगी पुढे झाली. तिने पदराला हात पुसल्यासारखे एप्रनला हात पुसले. एक हात सिस्टरच्या खांद्यामागे घातला आणि थांबली. हात काढून घेतला. मग वाकून, त्यांच्या कानाजवळ, म्हणाली, "सिस्टरजी, मैं सीमा हूँ. मैं आपको करवट दिला रही हूँ. मेरी तरफ़. डरना नहीं."

"हाँ," सिस्टर म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

मुलीने एक हात खांद्याला, एक कमरेला लावला आणि त्यांना आपल्याकडे वळवले. सावकाश, एका दमात. दुसरीने पाठीमागे उशी लावली. सिस्टरने अंग पूर्ण सैल सोडले होते. इतक्या वर्षांत त्यांना तशा मी कधी पाहिल्या नव्हत्या. रिक्षा खाली थांबली होती. मी दारातच उभी राहिले, त्यांनी डोळे उघडण्याची वाट बघत.